‘मे आय कम इन’च्या पुढे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत उशिरा आलेलं पोर वर्गाच्या दाराशी उभं राहून एकच वाक्य म्हणतं: ‘मे आय कम इन, टीचर?’ मराठी माध्यम असो, सेमी असो की इंग्रजी, या वाक्यातून सुटका नाही. इंग्रजीतल्या मोडल क्रियापदांशी आपली पहिली गाठ पडते ती इथे. पुढे व्याकरणाच्या पुस्तकात तक्ता येतो. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे कर्तव्य. कुड हा कॅनचा भूतकाळ आणि वुड हा विलचा. तक्ता पाठ होतो, परीक्षेत रिकाम्या जागा भरल्या जातात, गुणही मिळतात. मग नोकरी लागते, परदेशातल्या क्लायंटशी फोनवर बोलायची वेळ येते आणि कळतं, की समोरचा माणूस या तक्त्याप्रमाणे बोलतच नाही.

तक्ता खोटा नाही, अर्धा आहे. ‘शक्ती’, ‘परवानगी’, ‘सक्ती’ ही कोशातल्या अर्थांची नावं झाली. रोजच्या बोलण्यात ही नऊ-दहा क्रियापदं मुख्यतः दोन गोष्टी सांगतात: बोलणाऱ्याला आपल्या म्हणण्याची खात्री किती, आणि समोरच्यावर तो जोर किती टाकतोय. मराठी माणूसही या दोन्ही गोष्टी दिवसभर सांगतच असतो, पण त्यासाठी त्याच्याकडे ‘जरा’, ‘ना’, ‘बरं का’ आहेत, आदरार्थी बहुवचन आहे, ‘असेल’ आणि ‘असावा’ आहेत. तक्ता बनवणाऱ्याने हे सगळं बाजूला ठेवलं आणि कॅनसमोर ‘शकणे’ लिहून टाकलं. आपली पंचाईत तिथून सुरू होते.

आधी थोडा इतिहास, कारण या क्रियापदांचा आडमुठेपणा त्यातूनच आलाय. ‘ही गोज’ होतं, पण ‘ही कॅन्स’ होत नाही. ‘टू गो’ म्हणता येतं, ‘टू मस्ट’ म्हणता येत नाही. जुन्या इंग्रजीत ही स्वतःचा अर्थ असलेली साधी क्रियापदं होती. कॅनच्या पूर्वजाचा अर्थ जाणणे, मेच्या पूर्वजाचा अंगात बळ असणे, विलचा इच्छा असणे आणि शॅलचा देणं लागणे, म्हणजे चक्क कर्ज. जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोन्हींना लावला जाणारा ‘शुल्ड’ हा शब्द याच कुळातला. यांतल्या बहुतेकांची वर्तमानकाळी रूपं त्याहून जुन्या भूतकाळी रूपांवरून आली, म्हणून तृतीयपुरुषी ‘एस’ त्यांना कधी लागलाच नाही. मस्ट तर मुळातलं भूतकाळी रूप. त्याचा वर्तमानकाळ इंग्रजीतून केव्हाच गेला, त्यामुळे मस्टला आता भूतकाळ उरला नाही आणि ‘हॅड टू’ची उसनवारी करावी लागते. मराठीत काही वेगळं घडलेलं नाही. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप आहे, ‘करता येणे’मध्ये येणे आहे, ‘करावं लागणे’मध्ये लागणे आहे. साधं क्रियापद झिजून झिजून मदतनीस होतं, हा दोन्हीकडचा अनुभव.

शॅल आणि विल यांच्यावर जेवढी शाई सांडली तेवढी इतर कुणावर सांडली नसेल. जॉन वॉलिस हा इंग्लंडमधला मोठा गणितज्ञ. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह त्यानेच रूढ केलं. त्याने १६५३ साली परदेशी लोकांसाठी लॅटिनमधून इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि नियम घालून दिला: नुसतं भविष्य सांगायचं तर प्रथमपुरुषाला शॅल आणि इतरांना विल; वचन किंवा धमकी द्यायची तर नेमकं उलट. पुढच्या शतकांतल्या शाळामास्तरांनी या नियमाचं शास्त्र केलं. १९०६ साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये यावर पानंच्या पानं खर्च केली आणि हे दक्षिण इंग्लंडच्या माणसाला उपजत कळतं, इतरांना शिकवून येणं अवघड, अशा थाटाचं मतही दिलं. त्या काळात एक विनोद सांगत. पाण्यात पडलेला आयरिश माणूस (सांगणाऱ्याच्या लहरीप्रमाणे कधी स्कॉटिश) ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरचे इंग्रज समजतात, याचा जीव द्यायचा निश्चय झालेला दिसतो, आणि त्याला बुडू देतात. विनोद दुष्ट आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. इंग्रजी ज्यांची घरची भाषा त्या आयरिश, स्कॉटिश आणि अमेरिकन लोकांनीही हा नियम कधी मनावर घेतला नव्हता. घोकला तो आपण. आज बोलण्यात शॅल उरलाय तो ‘शॅल आय मेक सम टी?’ आणि ‘शॅल वी गो?’ एवढ्यापुरता, म्हणजे आपल्या ‘चहा टाकू का?’ आणि ‘निघायचं का?’ एवढ्यापुरता. हे दोन प्रश्न ठेवावेत, बाकीचा शॅल बोलताना विसरून गेलेला बरा.

शब्द मोजणाऱ्यांचा हिशेबही याच बाजूचा आहे. १९६१ साली छापून आलेल्या अमेरिकन इंग्रजीतले दहा लाख शब्द ‘ब्राउन’ संग्रहात आहेत, आणि त्याच सालचे, त्याच मापाचे ब्रिटिश शब्द ‘एलओबी’ संग्रहात. तीस वर्षांनंतरच्या इंग्रजीचे असेच दोन संग्रह पुढे तयार झाले. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी २००३ साली या चारांची तुलना मांडली, तेव्हा मोडल क्रियापदांचा एकूण वापर दोन्ही देशांत साधारण एक दशांशाने घटलेला दिसला. शॅल, मस्ट आणि मे तर चांगलेच आपटले. नील मिलर यांनी २००९ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या अंकांवरून वेगळं चित्र काढलं आणि लीच यांनी त्याला उत्तर दिलं. पण तो वाद एकूण बेरजेचा होता. मस्ट आणि शॅल उतरणीला लागलेत, याबद्दल दुमत नव्हतं. त्यांच्या जागी ‘हॅव टू’ आणि ‘नीड टू’ येऊन बसले. लीच आणि त्यांचे सहकारी याचं एक कारण समाजात शोधतात: हुकूम सोडणारी भाषा लोकांना नकोशी झाली. ‘यू मस्ट’मध्ये जोर बोलणाऱ्याचा असतो, ‘यू नीड टू’ म्हटलं की गरज ऐकणाऱ्याची होऊन जाते. मॅनेजर मंडळींना हे फार लवकर उमगलं.

खरी गंमत आहे ती मागण्याची, सांगण्याची आणि आग्रहाची.

जेवताना आपण म्हणतो, ‘जरा मीठ द्या ना.’ व्याकरणाने पाहिलं तर हा आज्ञार्थ. तरी कुणाला टोचत नाही, कारण ‘जरा’, ‘ना’ आणि आदरार्थी ‘द्या’ या तिघांनी आज्ञेची धार काढून टाकलेली असते. हेच वाक्य ‘गिव्ह मी सॉल्ट’ म्हणून इंग्रजीत गेलं की तिघंही वाटेत गळतात आणि नुसता हुकूम पोहोचतो. त्याला ‘प्लीज’ चिकटवलं तरी तो हुकूमच राहतो, फार तर सभ्य हुकूम. आपल्या कचेऱ्यांतलं ‘काइंडली सेंड द रिपोर्ट बाय फाइव्ह’ हे याच जातीचं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण केवढे नम्र, आणि वाचणाऱ्याला वाटतं याला कसली घाई झालीय! इंग्रजीत धार काढायचं काम मोडलकडे आहे: कॅन यू, कुड यू, वुड यू माइंड. अक्षरशः घेतलं तर ‘कॅन यू पास द सॉल्ट?’ हा ताकदीबद्दलचा प्रश्न आहे. ‘हो, उचलता येतं मला’ असं म्हणून जागचा न हलणारा माणूस एक तर विनोदी असेल, नाही तर चक्रम. जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५ साली अशाच वाक्यांवर एक निबंध लिहिला: म्हणायचं एक आणि करवून घ्यायचं दुसरं, हे भाषेला जमतं कसं? त्यानंतर पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सभ्यतेचा सिद्धान्त मांडला. त्यासाठी त्यांनी ज्या तीन भाषा बारकाईने पाहिल्या त्यांत एक तमिळ होती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. त्यांच्या म्हणण्याचा आपल्यापुरता भाग असा, की समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवली की मागणं सभ्य होतं. कॅनपेक्षा कुड ती जागा जास्त ठेवतो.

आता या ‘कुड’ला कॅनचा भूतकाळ म्हणून शिकवलं तर मुलाने काय समजायचं? ‘कुड यू ओपन द विंडो?’ याचा कालच्या खिडकीशी काही संबंध नाही. अदब म्हणून बोलणारा काळात एक पाऊल मागे सरकतो, एवढंच. आणि हे आपणही करतो. साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून आपण म्हणतो, ‘सर, जरा विचारायचं होतं.’ विचारायचंय आत्ता, पण म्हणतो ‘होतं’. दुकानात ‘एक शर्ट बघायचा होता’, डॉक्टरकडे ‘तुम्हाला एक दाखवायचं होतं’. हा धागा हातात असताना कुड आणि वुड भूतकाळाच्या खणात टाकून शिकवावेत, याचं मला नेहमीच नवल वाटत आलंय.

मागण्याचा नियम आग्रहाला लावला की मात्र सगळं उलटतं. ‘यू मस्ट हॅव अनदर स्लाइस’ असं यजमानीण म्हणते तेव्हा तिचा मस्ट हा हुकूम नसतो, पाहुणचार असतो. लीच यांनीच १९८३ सालच्या पुस्तकात याचं गणित मांडलंय: ज्यात ऐकणाऱ्याला तोशीस तिथे जोर कमी करावा, ज्यात ऐकणाऱ्याचा फायदा तिथे वाढवावा. मराठी घरात हे समजावून सांगावं लागत नाही. पंगतीत ‘आपण अजून एक पुरणपोळी घेऊ शकाल का?’ असं विचारलं तर पाहुणा हात आखडता घेईल; तिथे ‘घ्यायलाच पाहिजे, नाही म्हणायचं नाही’ म्हणत पोळी पानात पडते. तरीही इंग्रजी बोलताना आपली माणसं नेमकी उलट जागी जोर लावतात. काम सांगताना ‘यू मस्ट सेंड इट टुडे’, आणि पाहुण्याला मात्र ‘वुड यू लाइक’ असं एकदा विचारून, तो नको म्हणाला की बशी उचलून मोकळे. याच मस्टचा एक पोटभेद ध्यानात ठेवावा: ‘यू मस्ट कम ओव्हर समटाइम’. हे आपलं ‘या ना एकदा घरी’. तारीख ठरली नसेल तर डायरीत लिहायचं नाही.

नोकरीत सगळ्यात महाग पडतो तो माइट. असा प्रसंग हिंजवडीत किंवा ऐरोलीत कुठल्याही मजल्यावर घडू शकतो. लंडनची बाई फोनवर म्हणते, ‘यू माइट वाँट टु चेक दीज नंबर्स अगेन.’ इकडचा मुलगा तक्ता आठवतो: माइट म्हणजे कदाचित, वाँट म्हणजे इच्छा. कदाचित आपल्याला आकडे परत तपासावेसे वाटतील. त्याला तसं काही वाटत नाही, त्यामुळे तो तपासत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंचा सूर बदललेला असतो, आणि काय बिघडलं हे याला कळत नाही. बाई म्हणाल्या होत्या: आकडे चुकलेत, नीट कर. तोच मुलगा मराठी साहेबाच्या हाताखाली असता आणि साहेब म्हणाले असते, ‘एकदा परत बघून घेतलंस तर बरं,’ तर त्याने जागेवरून न उठता सगळे आकडे पुन्हा तपासले असते. सूचक बोलणं कळायची अक्कल त्याच्याकडे आहेच. ती इंग्रजीकडे वळवायला त्याला कुणी सांगितलं नाही. ‘यू कुड हॅव टोल्ड मी’ हे असंच. त्यात शक्यता वगैरे काही नाही, ती तक्रार आहे: ‘सांगायचं तरी!’ आणि ‘यू शुड हॅव सीन हिज फेस’मध्ये कसलं कर्तव्य? ‘त्याचं तोंड बघायला हवं होतंस!’ एवढाच त्याचा अर्थ.

आता खात्रीची बाजू. मराठीत अंदाज बांधायची शिडी फार सुरेख आहे: घरी असेल, घरी असावा, घरी असणार, घरी असलाच पाहिजे. ‘असेल’ दिसायला भविष्यकाळ, पण आपण तो ‘कुणास ठाऊक, असेल’ इथपासून ‘असेलच की’ इथपर्यंत स्वराच्या चढउतारावर ताणतो. इंग्रजीतही दाराची बेल वाजल्यावर ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतात, पण तो विल बऱ्यापैकी खात्रीचा असतो. आपण ‘असेल कँटीनमध्ये’ याचं ‘ही विल बी इन द कँटीन’ करतो, ऐकणारा सरळ खाली कँटीनमध्ये जाऊन येतो, आणि परत येऊन आपल्याकडे रोखून पाहतो. तिथे ‘ही माइट बी’ हवं होतं. उलट ‘यू मस्ट बी टायर्ड’ म्हणजे ‘दमला असाल’. त्यात सक्तीचा मागमूस नाही. १९९९ साली निघालेल्या लाँगमनच्या मोठ्या व्याकरणाने खऱ्याखुऱ्या संभाषणांचे नमुने तपासले, त्यांतही बोलण्यातला मस्ट मुख्यतः अशा अंदाजासाठीच आढळला. सक्तीसाठी लोक ‘हॅव टू’ म्हणतात. म्हणजे तक्त्यात मस्टसमोर जो अर्थ ठळक छापलाय, तो बोलण्यात दुय्यम आहे.

नकारात आणखी घोटाळा. ‘ही मस्ट बी ॲट होम’ याच्या उलट ‘ही कान्ट बी ॲट होम’: घरी असणं शक्यच नाही. ‘यू मस्ट’ याच्या उलट मात्र दोन वाटा फुटतात: ‘यू मस्टन्ट’ म्हणजे मनाई, ‘यू डोन्ट हॅव टू’ म्हणजे मोकळीक. मराठीत ‘नको’ दोन्हीकडे नांदतो. ‘तू येऊ नकोस’ ही मनाई, ‘तुला यायला नको, मी बघतो’ ही सवलत. आपल्या कानाला फरक क्रियापदाच्या रूपावरून कळतो. इंग्रजीत तो मोडलवरून कळवावा लागतो. थकलेल्या सहकाऱ्याला दिलासा म्हणून ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो’ सांगितलं, तर त्याला नोकरीवरून काढल्यासारखं वाटेल.

भारतीय इंग्रजीच्या अभ्यासकांनी नोंदलेली दोन वळणं मराठी माणसांच्या बोलण्यात हमखास सापडतात. एक कुडचं. ‘धावत गेलो, म्हणून लोकल मिळाली’ याचं आपण ‘आय रॅन, सो आय कुड कॅच द ट्रेन’ करतो, कारण डोक्यात ‘पकडता आली’ असतं. ब्रिटिश-अमेरिकन कानाला हा कुड अर्धवट वाटतो: पकडता आली असती, की पकडली? कुड हा सर्वसाधारण क्षमतेचा आहे, ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचं’ अशा जातीचा. एका प्रसंगी साधलेल्या गोष्टीला ‘मॅनेज्ड टु’ किंवा नुसतं ‘आय कॉट द ट्रेन’ म्हणतात. नकारात हा नियम सुटतो. ‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ अगदी बरोबर. दुसरं वळण वुडचं. ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे’, ‘आय वुड बी कमिंग टुमॉरो’. आपल्याला वुड हा विलचा सुशिक्षित भाऊ वाटतो. परदेशी वाचक मात्र पुढच्या ‘इफ’ची वाट पाहत बसतो: मीटिंग झाली असती, पण काय आडवं आलं? भारतातल्या भारतात याने कुणाचं अडत नाही, आणि इथल्या इंग्रजीची ही रीत म्हणून ती उद्या मान्य झाली तरी माझी हरकत नाही. पण विमानाचं तिकीट काढायचं असेल तर विल लिहावं.

उच्चाराबद्दल वर्गात कुणीच बोलत नाही. बोलण्यातला कॅन जवळजवळ गिळलेला असतो: ‘आय क्न डू इट’. जोर ‘डू’वर. नकार असला की मात्र स्वर पूर्ण उच्चारला जातो: इंग्लंडमध्ये ‘कान्ट’, अमेरिकेत ‘कॅन्ट’, आणि अमेरिकनांचा शेवटचा ‘ट’ बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. म्हणजे अमेरिकन कान होकार-नकार ओळखतो तो स्वराच्या लांबी-जोरावरून. आपण तर खात्री पटावी म्हणून ‘आय कॅन डू इट’ मधला कॅन ठणकावून म्हणतो, आणि पलीकडे ऐकू जातं की याला जमणार नाही! फोनवरच्या अर्ध्या गैरसमजांचं मूळ इथे असावं, असा माझा अंदाज आहे. तसंच ‘आयल’, ‘आयड’, ‘शुडव्ह’ या आखूड रूपांचं. ती आळसाची नाहीत, बोलण्याची नेहमीची रूपं आहेत. ‘आय विल’ असं प्रत्येक वेळी सुटं म्हटलं तर उगाच प्रतिज्ञा केल्यासारखं वाटतं. ‘शुडव्ह’ तर इतका रुळलाय की इंग्रजी घरात जन्मलेली पोरंही ‘शुड ऑफ’ असं चुकीचं लिहितात.

बोलीभाषांमध्ये आणखी मौज आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी ‘आय माइट कुड हेल्प यू’ असे दोन मोडल एकापुढे एक येतात. व्याकरणाची पुस्तकं याला परवानगी देत नाहीत. लोक मागतही नाहीत.

कायद्याच्या भाषेकडे ओझरतं पाहून पुढे जाऊ, कारण तिथे याच शब्दांचं वजन बोलण्यापेक्षा फार वेगळं आहे. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये मस्ट लिहिलं असेल तिथे कायदा, शुड असेल तिथे सल्ला. आपल्या राज्यघटनेच्या ७४व्या अनुच्छेदात १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींच्या मागे एक शॅल लावला: मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागायचं. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने एक मे दिला: सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल. संगणकवाल्यांनी तर १९९७ साली इंटरनेटच्या नियमांसाठी एक छोटं टिपण काढून मस्ट, शुड आणि मे यांचे अर्थ कायमचे बांधून टाकले. कागदावर हे ठीकच. मात्र दिवसभर अशी टिपणं वाचणारा इंजिनिअर संध्याकाळी फोनवरही मस्ट बोलू लागतो.

एक गोष्ट उलट दिशेने चाललीय आणि तिच्याबद्दल फार थोडे बोलतात. इंग्रजी माध्यमातली मुलं, आणि न्यू जर्सीत नाही तर लंडनमध्ये वाढणारी मराठी मुलं, ‘आई, मी खेळायला जाऊ शकते का?’ असं विचारतात. मराठीत हे ‘जाऊ का?’ असतं. जाऊ शकण्याबद्दल, म्हणजे पायांच्या ताकदीबद्दल, आईला शंका नसते. बँकेचा मेसेज सांगतो, ‘आपण आता घरबसल्या बिल भरू शकता’, आणि ‘भरता येईल’ हे साधं मराठी रूप मागे पडतं. यात इंग्रजीबरोबर हिंदीचाही हात आहे. मोरो केशव दामल्यांनी १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त क्रियापदांच्या ज्या बारीक छटा नोंदल्या, त्यांतली ‘मला आता चालवत नाही’, ‘त्याला जिना चढवतो’ यांसारखी शक्य क्रियापदं आज विशीतल्या किती जणांच्या तोंडी आहेत? तक्त्यातल्या ‘कॅन म्हणजे शकणे’ने आपलं इंग्रजी फारसं सुधारलं नाही, मराठी मात्र त्याने सपाट करत आणली.

महाराष्ट्रात २०००पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं हातात असतात, आणि एवढ्या वेळात ही क्रियापदं नीट कानावरून घालणं मुळीच अवघड नाही. माझं मत विचाराल तर क्रम असा असावा: आधी कॅन, विल आणि ‘हॅव टू’, मग मागण्यासाठी कुड आणि वुड, मग अंदाजासाठी माइट आणि मस्ट, शुड सल्ल्यापुरता, शॅल वर दिलेल्या दोन प्रश्नांपुरता. शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या चाचणीत रिकाम्या जागांचा प्रश्न एकदा गाळा आणि त्याऐवजी मुलांना एवढंच विचारा: शेजारच्या काकूंकडे तुम्ही शिडी कशी मागाल, आधी मराठीत लिहा आणि मग तितक्याच अदबीने इंग्रजीत.